वजन कमी करून या, मग बघू!

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात आरोग्याच्या प्रश्नावर बैठक होती. पाणी, गटार, डेंग्यू, औषधं नसलेला महापालिकेचा दवाखाना, असे नेहमीचे विषय झाले. मग मी म्हणालो, "सरकारी दवाखान्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी लागलेल्या रांगेबद्दलही आपण बोललं पाहिजे." दोन-तीन कार्यकर्ते चक्क हसले. एक तरुण म्हणाला, "दादा, मेळघाटात पोरं कुपोषणानं मरतायत आणि तुम्ही जाड्या माणसांचं काय घेऊन बसलात? हे तर श्रीमंतांचे चोचले!"

तिथं मी वाद घातला नाही. पोरगा प्रामाणिक आहे, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन धावणारा आहे. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण मी ज्या 'जाड्या माणसा'बद्दल बोलत होतो, ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. हा लेख तिच्या परवानगीनं लिहितोय. तिनं एकच अट घातली : "माझं नाव टाकू नको आणि दवाखान्याचंही टाकू नको. मला अजून तिथंच जायचंय."

या एका वाक्यात सरकारी दवाखान्यातल्या गरिबाची सगळी अवस्था आली. तक्रार करायची तर तारीख जाईल ही भीती.

अक्का आणि तिचे अडीच किलो

आम्ही तिला अक्का म्हणतो. वय ५२. ठेकेदाराकडे सफाई कामगार. पहाटे उठायचं, अंधारात हजेरीला पोचायचं, मुकादमानं दिलेला रस्ता झाडायचा. हे काम कुणाच्या वाट्याला येतं हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. बावीस वर्षं झाली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९० किलो. दोन्ही गुडघे झिजलेत, ब्लडप्रेशर आहे, जिना चढताना धाप लागते.

तिची फेरी अशी. हाडांच्या विभागात म्हणाले, "गुडघे बदलावे लागतील, पण एवढ्या वजनावर नाही. वजन कमी करून या, मग बघू." मेडिसिनच्या ओपीडीत म्हणाले, "रोज पाऊण तास चाला." गुडघे चालू देत नाहीत म्हणून तर ती आली होती! आहारतज्ज्ञांनी कागद दिला. सहा महिन्यांत चार किलो उतरले आणि पुढच्या चार महिन्यांत पाच किलो चढले. शेवटी एका भल्या निवासी डॉक्टरनं सांगितलं, "मावशी, तुमचं वजन आता नुसत्या डाएटनं उतरणार नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन असतं, त्याच्या ओपीडीत नाव लावा."

अक्काचा मुलगा, माझा भाचा, एका कॉलसेंटरमध्ये आहे. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचंही नाव आहे. आम्हाला वाटलं, चला, खाजगीत होऊन जाईल. पण विम्याचे नियम निघाले. २०१९ साली विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांसाठी वगळण्याच्या बाबींची एक ठरावीक भाषा केली. तिच्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च कधी मिळेल ते लिहिलंय : बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा जास्त हवा आणि जोडीला चारपैकी एक गंभीर दुखणं हवं : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह.

अक्काचा बीएमआय निघाला ३९. गुडघे या यादीत नाहीत. ब्लडप्रेशर नाही. झाडू मारता न येणं तर नाहीच नाही. हिशेब केला तर ४० गाठायला तिला साधारण अडीच किलो कमी पडत होते. भाच्याच्या ऑफिसातल्या एकानं सल्ला दिला, "मग दोन महिने आईला खाऊ घाल की!" तो थट्टेनंच बोलला, पण नियमाचा अर्थ नेमका तोच होतो. आधी आणखी आजारी पडा, मग आम्ही तुम्हाला आजारी मानू.

हा ४० आकडा आला कुठून?

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एकोणिसाव्या शतकात केतले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञानं 'सरासरी माणूस' शोधताना हे गणित मांडलं. तो डॉक्टर नव्हता आणि त्याच्यापुढे युरोपातली माणसं होती. १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्याला बीएमआय हे नाव दिलं. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी ४० आणि ३५ या रेघा मारल्या. त्या रेघा गोऱ्या माणसांच्या शरीरावर मारलेल्या होत्या.

आपलं शरीर वेगळं आहे हे सांगणारं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनाला कमी असतात, हातापायांनी काडी असतात, पण चरबी मात्र त्या मानानं टिकवून असतात. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एकच, शरीरं दोन.

म्हणूनच आशियाई माणसांसाठी ही रेघ खाली आणली गेली. भारतातले सर्जन वर्षानुवर्षं ३७.५ आणि आजार असतील तर ३२.५ अशी मर्यादा धरत आलेत. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांना २७.५पासून शस्त्रक्रिया देऊ करावी असं म्हटलं. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई वंशाच्या माणसासाठी रेघ अडीच अंकांनी खाली धरा असं आहे. रांगा तिथंही आहेत, महिनोन्‌महिने वजन-व्यवस्थापनाच्या वर्गात बसावं लागतं, हे खरं. पण गंमत बघा. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी बाईला तिथली व्यवस्था 'तू भारतीय आहेस' म्हणून सवलत देते. आणि भारतात राहणाऱ्या अक्काला भारतातला विमा गोऱ्या माणसाच्या पट्टीनं मोजतो!

शस्त्राबाबत मोजमाप बदलायला दहा-वीस वर्षं लागतात, पण नकार द्यायला मात्र जुनी पट्टी लगेच हाताशी येते. ही कुणाची सोय आहे, हे ज्यानं त्यानं ओळखावं.

तयारी कुणासाठी लिहिली आहे?

शेवटी सरकारी दवाखानाच. तिथल्या डॉक्टरांनी अक्काला नाही म्हटलं नाही, हे आधी नोंदवतो. त्यांनी नाव घेतलं, समजावून सांगितलं. ही चरबी उपसण्याची शोभेची शस्त्रक्रिया नव्हे. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी नळी. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लहान होतं हे तर आहेच, शिवाय भुकेची संप्रेरकं बदलतात. म्हणून जे डाएटनं टिकत नाही ते यानं बऱ्याच जणांत टिकतं. स्वीडनमध्ये १९८७पासून हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर न झालेल्यांपेक्षा कमी दिसला. म्हणजे हा जीव वाचवणारा उपचार आहे. चोचले नव्हेत.

पण त्याआधी तयारी लागते. रक्त, साखर, थायरॉइड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व. पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीनं जठराची तपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, फुप्फुसांची क्षमता, झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांची भेट. आहारतज्ज्ञांची भेट. शेवटी भूलतज्ज्ञांचा 'फिटनेस'. यातलं काहीही अनाठायी नाही. मोठ्या शरीराला भूल देणं जोखमीचं असतं आणि शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य पेलेल का, हे आधी पाहिलंच पाहिजे. माझं भांडण तपासण्यांशी नाही. त्या ज्या रीतीनं होतात त्या रीतीशी आहे.

खाजगीत हे सगळं दोन दिवसांत, एका इमारतीत होतं. इथं प्रत्येक गोष्टीला वेगळी खिडकी, वेगळा वार, वेगळी तारीख. केसपेपर काढायला पहाटे रांग. इकोची तारीख दोन महिन्यांनी. झोपेच्या तपासणीचं यंत्र बंद. इको झाला तोवर रक्ताचे रिपोर्ट जुने झाले, म्हणून ते पुन्हा. अकरा महिन्यांत अक्काचे सतरा खाडे झाले. ठेक्यावरच्या बाईला खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. तीनदा मुकादमानं सुनावलं, "दवाखान्यातच कामाला लाग." मोफत दवाखान्याची ही खरी फी आहे. तिची पावती मिळत नाही, म्हणून ती कुठल्याही सरकारी अहवालात दिसत नाही.

आणि एकदा काय झालं ते ऐका. फिटनेसच्या दिवशी ब्लडप्रेशर फार वर आलं. तारीख पुढे ढकलली. पुढच्या खेपेला दुसऱ्या सिस्टरनं दंड बघितला आणि मोठा पट्टा शोधून आणला. प्रेशर बरंच खाली! दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर प्रेशर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, ही वैद्यकातली साधी गोष्ट. मोठ्या पट्ट्याअभावी अक्काचे दोन महिने गेले. ज्या विभागात जाड माणसांचंच ऑपरेशन करायचं, तिथल्या फिटनेसच्या टेबलावर जाड दंडाचा पट्टा असू नये?

आता आहाराचा कागद. ओट्स, ग्रीक योगर्ट, ब्रोकोली, पनीर, प्रोटीन पावडर. अक्का निरक्षर नाही, सातवी शिकलीय. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "यातलं रेशनवर काय मिळतं?"

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. शस्त्रक्रियेआधी सुमारे दोन आठवडे भात-चपाती-साखर अगदी कमी आणि प्रथिनं भरपूर असा आहार घ्यावा लागतो, म्हणजे जठरावर पसरलेलं यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. नंतर आयुष्यभर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर रोज दहा. रेशन देतं काय? अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो तांदूळ-गहू. २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. डाळ सोडली तर उरलेल्या तिन्ही वस्तू अक्काच्या कागदावर 'वर्ज्य'च्या रकान्यात आहेत. २३ फेब्रुवारी २०२५ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणावर बोलताना तेल दहा टक्के कमी खा असं सांगितलं. एका हातानं पामतेलाची पिशवी द्यायची आणि दुसऱ्या हातानं तब्येतीचा उपदेश!

गरिबाचं स्वस्त प्रथिन कोणतं होतं? आपल्या आया-आज्यांना विचारा. बैलाचं मांस, त्याच्या वाळवलेल्या चान्या, सुकट, बोंबील. गाय १९७६च्या कायद्यानं आधीच बंद होती, २०१५ साली बैल आणि वळूही बंद झाले. म्हैसवर्गाला सूट आहे म्हणतात, पण रस्त्यात गाडी अडवणारा गोरक्षक कायद्याची प्रत वाचत बसत नाही. शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं २०२३च्या अखेरीस मिळू लागलं, आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी बंद झाला. कुणाच्या धार्मिक भावनांसाठी कुणाच्या ताटातलं प्रथिन गेलं, हा प्रश्न लठ्ठपणाच्या ओपीडीतही विचारावाच लागतो. ताटातून प्रथिन काढायचं, जागी भात-साखर भरायची, आणि माणूस सुटला की त्याला खादाड म्हणायचं. ही रीत आपल्याला नवी नाही.

'मेळघाटात पोरं मरतायत' या आक्षेपाचं उत्तर

आता माझ्या त्या तरुण मित्राकडे येतो. त्याचं म्हणणं असं की भूक हा गरिबाचा प्रश्न आणि लठ्ठपणा श्रीमंताचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. श्रीमंतांत लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण तो आता बंगल्याच्या फाटकाशी थांबलेला नाही, आपल्या चाळीत आणि झोपडपट्टीत आलाय. आणि भूक व लठ्ठपणा हे एकमेकांचे शत्रू नाहीत, एकाच घरातले आहेत.

अक्काचा जन्म १९७३चा. म्हणजे ती आईच्या पोटात होती तो ७२चा दुष्काळ. आमची आई तेव्हा खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली मिलो, ती लाल ज्वारी, आणि सुकडी खाऊन तिनं दिवस काढले. गर्भातलं बाळ उपाशी असेल तर त्याचं शरीर पुढच्या उपासमारीची तजवीज करतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. तेव्हा गर्भात असलेल्यांमध्ये पुढे मोठेपणी लठ्ठपणा आणि साखरेच्या तक्रारी जास्त आढळल्याचं तिथल्या अभ्यासांनी दाखवलंय. ती तर एका हिवाळ्याची भूक होती. आपल्या समाजाची भूक किती पिढ्यांची आहे? गावाबाहेर राहून, मेलेल्या ढोराच्या मांसावर आणि मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर काढलेल्या किती पिढ्या? अक्काच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिच्या शरीराचा इतिहास तिच्या जिभेपासून सुरू होतो, असं म्हणणाऱ्याला मी तरी अडाणी म्हणेन.

वर पहाटेची ड्युटी. उपाशीपोटी झाडू मारता येत नाही, म्हणून चहा आणि चार बटर. अकरा वाजता वडापाव, कारण दहा-पंधरा रुपयांत पोटाला तेवढाच आधार. झोप पाच तासांची. मैदान नाही, बाग लांब, रात्री बाईमाणसानं चालायला जावं असा रस्ता नाही. मग सांगा, 'कमी खा, जास्त चाला' हा सल्ला आहे की टोमणा?

मेळघाटातलं कुपोषित बाळ आणि माझी ५२ वर्षांची बहीण एकमेकींच्या वाट्याचं काही खात नाहीत. दोघींच्या वाट्याचं तिसराच कुणीतरी नेतो. आपण दोघींना एकमेकींसमोर उभं केलं की त्या तिसऱ्याची सुटका होते.

आणखी एक. "फुकटचं रेशन खाऊन सुटलीय" हे वाक्य अक्कानं दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ऐकलं. बोलणारी बाई तिच्याएवढीच जाड होती! पण तिच्या जाडीला 'थायरॉइड' होता आणि अक्काच्या जाडीला 'फुकटचं रेशन'. आजारालासुद्धा आपल्याकडे जात चिकटते. बाबासाहेब स्वतः शेवटची वर्षं मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं हैराण होते. त्यांच्या आजाराला कुणी त्यांच्या चारित्र्याचा दोष म्हणेल का? मग अक्काच्या आजाराला का म्हणता?

मोफत आहे, पण स्टेपलर आणा

दहा महिन्यांनी अक्काला सांगितलं गेलं की खाट मोफत, ऑपरेशन मोफत, पण स्टेपलर आणि त्याची कार्ट्रिज बाहेरून आणावी लागतील. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जठर कापणं आणि शिवणं हे एकाच वेळी हे यंत्र करतं. कार्ट्रिज एकदाच वापरायची असते आणि एका ऑपरेशनला पाच-सहा लागू शकतात. एकेकीची किंमत हजारांत. म्हणजे मोफत ऑपरेशनसाठी अक्कानं कर्ज काढायचं.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण ही शस्त्रक्रिया होते ती वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत, आणि ती त्या निर्णयाच्या बाहेर राहिली. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू म्हटलं होतं. २०२५ उजाडलं, आकडा दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. अडीच किलोंनी अक्का नापास झाली. हे धोरण नापास झालं तेव्हा त्याला कुणी 'कमी करून या' किंवा 'वाढवून या' म्हटलं नाही.

आता बाजारात नवी इंजेक्शनं आली आहेत. त्यातलं 'मौंजारो' २०२५च्या मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी साडेतीन हजारांना होती. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला चौदा हजार. अक्काचा पगार त्यातच संपतो. पैसेवाल्यांना आता चाकूचीही गरज उरणार नाही आणि गरिबांना चाकूसाठीही रांग.

संविधानाचं कलम ४७ लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की जीव वाचवणारे तातडीचे उपचार न देणं हा कलम २१चा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. तो खटला अपघातग्रस्ताचा होता, हे मला ठाऊक आहे. पण हळूहळू मारणारा आजार कमी मारतो असं थोडंच आहे?

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ला मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर बोलताना स्त्रीला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि तो भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलावा अशी बाजू मांडली. पुढे ते मजूरमंत्री असतानाच कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली आणि १९४८ साली राज्य विमा कायदा आला. अक्काच्या पगारातून त्याच विम्याचे पैसे कापले जातात, पण ठेकेदारानं आजवर तिला नंबर दिलेला नाही. कायदा बाबासाहेबांच्या काळातला, चोरी आजची.

मग मागायचं काय?

नुसता संताप करून चालणार नाही. मागण्या नेमक्या हव्यात.

एक. विम्याच्या आणि सरकारी योजनांच्या नियमांत भारतीय शरीराची मर्यादा धरा. निकामी गुडघे आणि गेलेला रोजगार हेही आजाराचं गांभीर्य माना.

दोन. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत या तपासण्या एकाच ठिकाणी, जास्तीत जास्त दोन-तीन फेऱ्यांत करा. मोठा पट्टा, मजबूत वजनकाटा, रुंद खाट आणि चालू यंत्रं ही किमान गरज आहे.

तीन. प्रतीक्षा यादी उघड करा. आपला नंबर कितवा, पुढचा किती सरकला, हे रुग्णाला कळलं पाहिजे. शिफारशीची चिठ्ठी आणणारा मध्येच घुसतो तो यादी झाकलेली असते म्हणून.

चार. स्टेपलर आणि कार्ट्रिज रुग्णालयानं पुरवावीत. तोवर समाजसेवा अधीक्षकांनी रुग्णाला मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांचे मार्ग स्वतःहून सांगावेत.

पाच. नंतरची जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि तपासण्या आयुष्यभर मोफत. हे सर्वांत महत्त्वाचं. पोट लहान केलं आणि बी-१२, बी-१ची काळजी घेतली नाही तर नसा कायमच्या खराब होऊ शकतात. गरिबाचं ऑपरेशन करून फोटो काढायचा आणि नंतर वाऱ्यावर सोडायचं, यापेक्षा न केलेलं बरं.

सहा. ठेका कामगारांना उपचाराच्या दिवसांची भरपगारी रजा, आणि प्रत्येकाच्या हातात राज्य विम्याचा नंबर.

सात. रेशनवर डाळ, कडधान्य आणि अंडी. शंभर ऑपरेशनं करण्यापेक्षा हजार ताटं सुधारणं सोपं आहे. पण ताटं सुधारेपर्यंत जे आजारी झालेत त्यांना रांगेत मरू देणं हा 'प्रतिबंध' नव्हे.

आणि आपण काय करायचं? ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी प्रत्येक केसपेपरची, रिपोर्टची झेरॉक्स तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावावी. रिपोर्ट किती दिवस चालतो हे आधीच विचारावं. प्रेशर मोजताना मोठा पट्टा मागावा, लाजू नये. खाजगी धर्मादाय रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककखाली दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथंही अर्ज करावा आणि नकार दिला तर लेखी मागावा. महागड्या कागदाऐवजी आहारतज्ज्ञांना सरळ सांगावं : आम्ही मटकी, फुटाणे, सोयाबीन वड्या, अंडी, ताक, सुकट खाऊ शकतो, त्यात बसवून द्या. अक्कानं सांगितलं. त्या बाईंनी कागद फाडून नवा लिहून दिला. सुकट धुऊन, मीठ कमी करून घ्या, एवढीच सूचना केली. मागितलं की कधीकधी मिळतं.

आणि विहारातल्या बैठकीत पुढच्या वेळी हा विषय निघेल तेव्हा हसू नका. तुमच्या घरातही एखादी अक्का आहे, जी जिन्यात दोनदा थांबते आणि 'काही नाही, जरा दम लागला' म्हणते. तिला विचारा.

अक्काचा फिटनेस परवा झाला. सर्जननं पुढच्या महिन्यात बोलावलंय, तारीख द्यायला. ऑपरेशनची तारीख नव्हे, तारीख कधी देतील त्याची तारीख. त्या दिवशी तिचा अठरावा खाडा असेल. मी तिच्यासोबत जाणार आहे, आणि या वेळी तो बैठकीतला तरुण मित्रही येतो म्हणालाय.

जय भीम!